पाखऱ्याचं वजन

क्रेनच्या केबिनमध्ये बसायला लागून वीस वर्षं झाली, त्या साली पाखऱ्याचं वजन एक्याण्णव किलो भरलं. पाखऱ्या हे नाव उंचावर बसतो म्हणून पडलेलं, आणि पडलं तेव्हा माणूसही काटकुळा होता. आता त्याने शिडीला हात लावायचा अवकाश, खालून मुकादम ओरडायचा, "पाखऱ्या, शिडीला विचारलंस का रे?"

शिडी एकशे ऐंशी पायऱ्यांची. मध्ये टेकायला असलेल्या तीन फळ्यांवर तो दम घ्यायला थांबायचा आणि देखावा बघतोय असं दाखवायचा. एकदा दुसऱ्या फळीवर डोळ्यांपुढे अंधारी आली, तो कठडा धरून खाली बसला, आणि ते कुणीतरी पाहिलं. दोन दिवसांनी कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी बोलावणं धाडलं.

"तीन महिने देते," त्या म्हणाल्या. "वजन उतरवा. नाही उतरलं तर वर चढायला मी सही देणार नाही. गेटवर बसा, गाड्यांचे नंबर लिहा."

"बाई, काट्यात काहीतरी खोट असेल. माझं कमरेचं माप आठ वर्षांत बदललेलं नाही. छत्तीस म्हणजे छत्तीस. पँटी घरच्या शिलाईच्या आहेत, बायकोला विचारा."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्या पोटाकडे पाहिलं. "हे छत्तीस?" एवढंच म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

वरून चार टनांची तुळई पाखऱ्या अशी उतरवायचा की खालच्या गवंड्याच्या हातातला चहा हलू नये. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं.

मग घरात नवा कारभार सुरू झाला. बायकोचं शिलाईचं दुकान पुढच्या खोलीत, स्वयंपाकघर मागच्या. मशीनवरून उठून ती त्याच्यासाठी कडधान्यं उकडायची, अंडी उकडायची, पालेभाजी शिजवायची. साखरेचा डबा तिने कापडांच्या गठ्ठ्यामागे लपवला. पाखऱ्या पहाटे उठून शंभर उठाबशा काढायचा, वाळूने भरलेल्या दोन बादल्या घेऊन अंगणात फेऱ्या मारायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम खाली उतरून पुन्हा शिडी चढायचा. तरुणपणी त्याने सहा वर्षं हमाली केलेली. अंगाला कष्ट नवे नव्हते, फक्त विसरलेले होते.

दर रविवारी औषधाच्या दुकानातल्या काट्यावर तो चप्पल काढून उभा राहायचा. महिन्याने काटा म्हणाला, साडेएक्याण्णव. पाखऱ्याने खिशातल्या किल्ल्या काढून ठेवल्या. तरी साडेएक्याण्णव.

"तू भाजीत तेल घालतेस," घरी येऊन तो म्हणाला.

"थेंबभर घालत नाही. वास घ्या हवं तर."

"मग मी फुगतोय कशाने? पालापाचोळा खाऊन बैल फुगतो, माणूस नाही."

"बैल एवढी कटकट करत नाही," बायको म्हणाली आणि मशीन चालू केलं.

दोन महिन्यांनी ब्याण्णव. अडीच महिन्यांनी साडेब्याण्णव. पाखऱ्या दुकान बदलून आला, शेवटी सिमेंटची पोती जोखायच्या काट्यावरही उभा राहिला. सगळे काटे एकमताने त्याच्या विरोधात.

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, अरे, दम लागतो का बघ, अंगाला हलकं वाटतं का बघ. पण पाखऱ्याच्या समोर वीस वर्षं केबिनमध्ये एक आकडा लुकलुकत होता. किती लांबीवर किती वजन, याचा तक्ता काचेला चिकटवलेला. आकडा वर गेला की लाल दिवा, आणि लाल दिवा लागला की क्रेन जागची हलत नाही, मग साहेब असो की मंत्री. किलोशी वाद घालायचा नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं. हल्ली तो दुसऱ्या फळीवर थांबतच नाही, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी तो घरी आला तो थेट कापायच्या टेबलापाशी स्टुलावर बसला. बायको त्याचीच पँट शिवत होती.

"उद्या बाईंकडे जात नाही," तो म्हणाला. "मुकादमाला सांगतो, मला गेटवर दे. काट्यावर उभं राहून सगळ्यांसमोर हसं करून घेण्यापेक्षा आपणच खाली उतरलेलं बरं."

"अहो, पण..."

"पण काय? तीन महिने घास मोजून खाल्ला. पोट कमी झालं असतं तर पँट सैल नसती का झाली? बघ, आहे तशी बसते. किलो खोटं बोलत नाही आणि तुझी शिलाईही."

बायकोचा पाय मशीनवरच थांबला. तिचा चेहरा एकदम उतरला.

"शिलाई बोलते खोटं," ती म्हणाली.

"काय?"

"ही पँट मी आत घेतेय. या तीन महिन्यांत पाचव्यांदा. तुम्ही सारखी वर ओढत होता, मला बघवेना. गिऱ्हाइकाची ढगळ पँट मला बघवत नाही, मग तुमची कशी बघवेल?"

पाखऱ्याने पँट ओढून घेऊन आतली शिवण पाहिली. "मग सांगितलं का नाहीस?"

आता तिला तोंड लपवायला जागा नव्हती. "आत घेते म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, सैल कधी केली होतीस? आठ वर्षं सैलच करतेय. नवी पँट शिवली की अर्धा इंच वाढवायची, मध्येच घट्ट झाली की रविवारी तुम्ही झोपलात की शिवण उसवायची. तुम्हाला कुणी जाड म्हटलं की दोन दिवस जेवत नाही तुम्ही. म्हटलं, कशाला सांगा."

"आणि मी त्या बाईला छत्तीस छत्तीस सांगून आलो!"

"मला काय माहीत तुम्ही कंबर घेऊन भांडायला जाल?"

त्याला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. आठ वर्षं आपण साऱ्या जगाला ऐटीत काय सांगत फिरलो, ते एकेक आठवायला लागलं. जेवल्यावर त्याने ताट स्वतः उचलून घासलं, तेव्हा राग किती खोल आहे याचा बायकोला अंदाज येईना.

सकाळी तो गेटचा विचार सोडून, न सांगता दवाखान्याकडे निघाला. वळणावर पाहतो तर ती मागून येत होती, काखेत मापाची वही.

"तू कशाला?"

"माप सांगायला."

डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं. साडेब्याण्णव. त्यांनी सुस्कारा सोडून पेन उघडलं, तेवढ्यात बायकोने वही टेबलावर ठेवली. "बाई, किलो लिहाल ते लिहा. पण आधी हे पान बघा."

पानावर वरपासून खालपर्यंत तारखा आणि एकाच माणसाची कंबर. छत्तीस. साडेछत्तीस. सदतीस. असं होत होत बेचाळीस. मग तीन महिन्यांपासून उलटी चाल: साडेएक्केचाळीस, एक्केचाळीस, साडेचाळीस, चाळीस. पाखऱ्याने मान वाकवून ते पान वाचलं. प्रत्येक तारखेला ती किती गप्प बसली असेल, हे त्याला पहिल्यांदा दिसलं. त्याने हळूच वही तिच्या बाजूला सरकवली.

बाईंनी टेप काढली आणि त्याच्या पोटाभोवती गुंडाळली.

"तिरकी झाली," बायकोला राहवलं नाही. "मागून वर चढलीय. आणि अहो, श्वास सोडा, इथे कोण बघतंय तुम्हाला?"

बाईंनी टेप तिच्या हातात दिली. "घ्या, तुम्हीच."

तिने टेप फिरवली, दोन बोटांनी सरळ केली, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा आकडा मोठ्याने म्हटला, "साडेएकोणचाळीस."

बाईंनी मग त्याला दवाखान्याचे चार मजले दोनदा चढायला लावलं. परत आला तेव्हा तो नीट बोलत होता. नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, दंड दाबून पाहिला. "हमाली कधी केली होती का?"

"सहा वर्षं."

"तरीच. चरबी गेली आणि अंग भरलं. मांसाला वजन असतंच. मला तुमचं पोट आणि दम हवा होता. फॉर्मात रकाना वजनाचा, म्हणून मीही वजनच म्हणत बसले." त्यांनी साडेब्याण्णव लिहिलं, खाली आपल्या हाताने दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. "सहा महिन्यांनी परत या. बादल्या सोडू नका. आणि यांनाही आणा."

बाहेर आल्यावर पाखऱ्याने चपला पायात सरकवल्या. मग म्हणाला, "यापुढे शिवण उसवलीस तर सांगायचं."

"आणि जेवण सोडलंत तर?"

"नाही सोडणार. दोन दिवस तोंड फुगवेन फार तर."

"ते चालेल," ती म्हणाली. "त्याची सवय आहे."

ती दुकानाकडे वळली, तो कामावर. तासाभराने केबिनचं दार लागलं आणि वॉकीवर मुकादमाचा आवाज आला. "पाखऱ्या? वर आहेस? काय म्हणाल्या बाई?"

"वरच आहे," पाखऱ्या म्हणाला. "बोल, काय उचलायचंय?"