तात्यांची धाप

ढुंढिराजाने बिंदुमाधवाच्या मनगटावर चंदन फासलं ते असं, की शेजारच्या वैदिकाने आपला हात आधीच मागे घेतला.

"अहो, जरा हळू," दाराआडून गुलाबदाणी पुढे करत बकुळ पुटपुटली. "पाहुण्याला चंदन लावताय, भिंत सारवत नाही."

त्याने बायकोकडे पाहिलंही नाही. वडिलांना, तात्यांना, जाऊन वर्ष झालं म्हणून त्याने घरी वेदपाठाची सभा भरवली होती. संकठा घाटापासून अमृतराव घाटापर्यंतचे सगळे मराठी वैदिक समोरासमोर बसले होते.

गोऱ्या साहेबाच्या कचहरीने ढुंढिराजाला तात्यांचा वारस ठरवलं होतं. घर त्याचं, दक्षिणेतून येणाऱ्या यजमानांची घराणी त्याची, तात्यांचं बाकदार नाकसुद्धा त्याचंच. आणि बिंदुमाधव कोण? रामनगरहून नावेने येऊन तात्यांपुढे बसणारा, त्यांच्या पंक्तीला जेवणारा उपरा. पण त्याने तोंड उघडलं की म्हातारे डोळे मिटून म्हणत, साक्षात तात्या बसलेत. ढुंढिराज पाठ म्हणू लागला की तेच म्हातारे सुपारी कातरत. "तू यजमान सांभाळ, बाबा. तुझ्याने हे होणार नाही," असं तात्यांनी पोटच्या पोराला सुनावलं होतं, तेही या उपऱ्यासमोर. तो जाळ बाप गेला तरी विझला नव्हता.

बिंदुमाधवाने सुरुवात केली. आवाज चढला, पदं उलटसुलट गुंफत निघाला, आणि नको तिथे, दोन पदांच्या ऐन मध्ये थांबला. डावा हात बरगडीवर गेला. त्याने एक खोल श्वास ओढला आणि पुढे चालू.

ढुंढिराजाची मान ताठ झाली. हा कसला पाठ? हा दमा! शेवटची काही वर्षं तात्यांना तिथे धाप लागायची. बिंदुमाधव ती संथा शिकला तो नेमका त्याच वर्षांत. गाढवाने गुरूचं दुखणंही तोंडपाठ केलं होतं.

सभेतल्या वडीलधाऱ्या विश्वेश्वरभटांनी हात वर केला.

"थांब रे. मध्येच श्वास? हा कुठला पाठ?"

बिंदुमाधवाचं तोंड उतरलं. "तात्या असंच म्हणायचे."

"गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवू नकोस. ढुंढिराज, तू मुलगा. तू सांग."

सगळ्या माना वळल्या. जन्मात कुणी त्याला पाठाबद्दल विचारलं नव्हतं. खरं काय ते बोलला असता, तर या पोपटाची पुन्हा कुठल्या सभेत बसायची छाती झाली नसती. ढुंढिराजाने चंदनाची वाटी उगाच ढवळली.

"आमच्या घरचा पाठ आहे," तो म्हणाला. "तिथे थांबायचंच असतं."

"मुलगाच सांगतोय, मग संपलं," विश्वेश्वरभट म्हणाले.

सभा उठल्यावर बिंदुमाधव पाया पडला. त्याचे डोळे भरले होते.

"दादा, मला कायम धाकधूक वाटायची, माझ्याच ऐकण्यात काही चूक झाली असेल. आता माझ्या शिष्यांना बेधडक शिकवतो."

"शिकव. आणि हात बरगडीवर गेलाच पाहिजे, बजाव त्यांना."

बिंदुमाधव घाटाच्या पायऱ्या उतरून गेला. बकुळ पसरलेल्या सतरंज्या गोळा करत होती.

"अहो, ती तर तात्यांची धाप होती. मीच तेल गरम करून द्यायची ना चोळायला?"

"हो. आता मरेपर्यंत तीच म्हणेल तो."

नवरा हसतोय का, हे बघायला बकुळ पुढे झाली. ढुंढिराज खिडकीच्या गजांना कान लावून उभा होता. खाली नाव सुटायची वाट बघत बिंदुमाधव तोच मंत्र पुन्हा पहिल्यापासून म्हणत होता. श्वासाची ती जागा अजून यायची होती.

"ऐकलंत का, सतरंजीचं टोक धरता?"

त्याने हाताने तिला गप्प केलं.