साखरेवरचा उतारा

विठ्ठलरावांच्या उजव्या पायाचा अंगठा गेला तो ट्रॉलीचा हूक पडून, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. खरं काय ते फक्त त्यांच्या बायकोला, विजयमालाबाईंना, आणि बीडच्या डॉक्टरला माहीत. अंगठा शुगरनं गेला होता. पण साखर कारखान्याचा संचालक, त्यातही पुन्हा निवडणुकीला उभा राहिलेला, आणि त्यालाच साखर वर्ज्य, हे बाहेर फुटलं तर विरोधक चौकाचौकात बोर्ड लावतील. म्हणून नवरा-बायकोनं तोंडाला कुलूप घातलं होतं.

आता त्याच पायाच्या तळव्याला जखम झाली होती. रुपयाएवढी, ओली, भरायचं नाव नाही. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं: गोड बंद, पायपीट बंद, नाहीतर या खेपेला अंगठ्यावर भागणार नाही, अख्खं पाऊल जाईल. विठ्ठलरावांनी समंजसपणे मान डोलावली आणि दवाखान्याच्या दारातूनच प्रचाराच्या गाडीत चढले.

प्रचार म्हणजे काय, तर चहा. भाषणं सगळ्यांचीच सारखी असतात. सभासदाच्या ओसरीवर उमेदवार टेकला की आतून कपबशी येते, आणि ती रिकामी न करता उठणं म्हणजे त्या घराच्या चुलीचा अपमान. साखर आधणातच पडते. पाहुणा जितका मोठा, तितकी मूठ सैल. एखाद्या घरी गुळाचा चहा निघाला तर विठ्ठलराव जास्तच खूश व्हायचे. गुळानं शुगर वाढत नाही असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि आपल्या सोयीचं बोलणारा माणूस त्यांना नेहमीच विद्वान वाटत आला होता.

विजयमालाबाईंनी घरून बिनसाखरेच्या चहाचा थर्मास देऊन पाहिला. तो गाडीतच हिंडून परत यायचा. दुसऱ्याच्या ओसरीवर बसून घरचा चहा पिणाऱ्याला मत कोण देणार? मग त्यांनी मेडिकलमधून गोड गोळ्यांची डबी आणली. गोळ्या अगदी बारीक, ज्वारीच्या दाण्याएवढ्या.

"चहा बिनसाखरेचा मागायचा अन् ही टाकायची," त्यांनी बजावलं.

विठ्ठलरावांनी डबी खिशात टाकली. ती लवकरच संपली. दुसरी आणली, तीही संपली. बाईंना हायसं वाटलं. नवरा आपलं ऐकतो, असा अनुभव लग्नानंतर त्यांना पहिल्यांदाच येत होता. जखम मात्र वाढतच चालली होती.

प्रचाराच्या शेवटी शेवटी त्या स्वतःच बरोबर निघाल्या. घराघरातल्या बायकांशी बोलायला बाईमाणूस हवं, हे निमित्त. शिरूर कासारच्या पुढच्या एका वाडीत पहिला चहा आला. बाईंनी घोट घेतला आणि तोंडाला मिठी बसली. नुसता पाक होता. समोर विठ्ठलरावांनी तोच चहा बशीत ओतून फुर्र करून संपवला, उपरण्याआडून डबी काढली आणि दोन गोळ्या तोंडात टाकून खडीसाखरेसारख्या कडाकडा चावल्या.

गाडीशी आल्यावर ड्रायव्हर तंबाखू मळायला बाजूला गेला, तशा बाई म्हणाल्या, "हे काय केलंत?"

"उतारा," विठ्ठलराव ऐटीत म्हणाले. "चहा लई गोड असला की दोन. त्या दिवशी बासुंदी होती, मंग चार खाल्ल्या."

त्यांनी बायकोचं ऐकलं नीटच होतं. अर्थ आपल्या सोयीनं लावला होता. सगळी हयात राजकारणात गेलेली. भांडणावर मटणाचं जेवण, तक्रारीवर ठराव, नाराजीवर एखादं पद; ज्याच्यावर उतारा नाही असं काही त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. साखर त्याला अपवाद कशी असेल?

बाईंना आधी हसू फुटलं. मग डोळे भरून आले.

"आवो, ते औषध न्हाई. नुसती गोड गोळी हाय. साखर टाकायची न्हाई, म्हणून तिच्या जागी टाकायची. पोटात गेलेली साखर तिनं कशी निघंल?"

"मंग इतके दिस मी पेलो ती?"

"ती गेली पायात."

विठ्ठलराव गाडीत बसले, चप्पल काढून तळव्यावरची पट्टी चाचपायला लागले. माणूस घाबरला होता, आणि त्यांना घाबरलेलं पाहून बाईंना बरंच वाटलं. आता तरी थांबतील.

पुढची वस्ती आश्रुबाची. आश्रुबा म्हणजे मेंढरं राखता राखता तलावाखाली ऊस लावलेला म्हातारा धनगर. तो बोट दाखवील तिकडं सगळ्या वस्तीची मतं जायची. त्याची बायको, बायनाबाई, कौतुकानं कप घेऊन आली.

"मालक, तुमच्यासाठी साखर हात सोडून टाकलीया."

विठ्ठलरावांनी कपाकडं पाहिलं. बायकोकडं पाहिलं. आणि कप ओठाला लावला.

आतापर्यंत नवरा अडाणीपणानं पीत होता, त्याची कीव करता येत होती. आता तो कळून सवरून पीत होता. अशा माणसाला काय समजावणार? त्या उठल्या आणि भरल्या ओसरीत नवऱ्याच्या हातातला कप काढून घेतला.

"बायनाबाई, यांला शुगर हाय. अंगठा ट्रॉलीनं न्हाई, शुगरनं गेला. आता पाय जायची पाळी आलीया. एक कप बिनसाखरेचा टाका."

कार्यकर्ते एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले.

"मंग आधी सांगायचं की, मालक," आश्रुबा म्हणाला. "कावून लपवलं?"

बायनाबाईनं मुकाट्यानं दुसरं आधण ठेवलं. पण गोष्ट तिथं थांबणारी नव्हती. दिवस मावळायच्या आत ती तालुक्यात पोचली, आणि विरोधी गटाच्या धर्मराजांनी शेवटच्या सभेत तिचं सोनं केलं. "ज्याला आपली साखर पचंना, त्याला आपला कारखाना काय पचणार?" लोक पोट धरून हसले. विठ्ठलराव पडले.

त्या ओसरीवरून उठल्यापासून त्यांनी बायकोशी अबोला धरला होता. पडल्यावर तर भिंतीकडं बघून भाकर मागायचे. बाईंना त्याचं फार वाईट वाटायचं, आणि तरी त्या रोज सकाळी खाली बसून जखम धुवायच्या, पट्टी बांधायच्या. पडलेल्या उमेदवाराला चहा कोण पाजतो? पाय आपोआप घरात राहिला, शुगर खाली आली, जखमेच्या कडा सुकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, पाऊल वाचलं. ते ऐकूनही विठ्ठलराव बोलले नाहीत.

पुढं धर्मराज चेअरमन झाले. जिंकलेल्यानं हरलेल्याच्या घरी पेढे घेऊन जायचं ही रीत. ते गुलालानं माखलेल्या कार्यकर्त्यांसह आले. अंगणात खुर्च्या मांडल्या. वहिनींच्या पाया पडतो म्हणून धर्मराज एकटेच स्वयंपाकघरात शिरले. वाकले, आणि उठता उठता हळूच म्हणाले, "वहिनी, माझ्या चहात साखर नका टाकू."

बाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. "तुमाला बी?"

"चार वर्षं झाली. पण बाहेर बोलू नका. पाच वर्षं काढायचीत."

"काढा की," बाई म्हणाल्या. "चालायला पाय लागतील तेवढे जपा."

धर्मराज ओशाळं हसून बाहेर गेले. बाई बिनसाखरेचे दोन कप घेऊन उंबऱ्यात आल्या, तोवर एका कार्यकर्त्यानं पेढ्यांचा खोका उघडून, "तोंड गोड करा, चेअरमनसाहेब!" म्हणत अख्खा पेढा धर्मराजांच्या तोंडात कोंबला होता. धर्मराज हसत हसत तो गिळत होते, आणि उंबऱ्याकडं चुकूनही बघत नव्हते.

खोका विठ्ठलरावांपुढं आला. त्यांनी धर्मराजांच्या हलणाऱ्या जबड्याकडं पाहिलं, आपल्या पट्टी बांधलेल्या पायाकडं पाहिलं आणि हात आडवा धरला.

"मला शुगर हाय," ते अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाले. मग उंबऱ्याकडं वळून, "अगं, आण तो चहा."