नाव सांगितलं नाही तरी

तेन्रीने कंगवा माइकसारखा तोंडापुढे धरला आणि ती पलंगावर चढून उभी राहिली.

"मित्रांनो, मी लैंगिक हिंसाचार प्रतिबंध कक्षाची स्वयंसेविका..."

"झोपले सगळे," खाली चटईवर तळणीसाठी केळी सोलत बसलेली नीदार म्हणाली.

दोघी मकासर शहरातल्या त्या बोर्डिंगमध्ये पहिल्या वर्षापासून एकाच खोलीत राहत होत्या. उद्या नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताला तेन्रीला थोडा वेळ बोलायला मिळणार होता. विद्यापीठात मदत कक्ष आहे हेच बहुतेकांना ठाऊक नव्हतं. तिथे बसून बसून तेन्री कंटाळायची, पण दाराशी कुणी फिरकत नसे.

"बरं, हे ऐक. घाबरू नका. धाडस करा, पुढे या, बोला!"

नीदारची सुरी थांबली.

"धाडस करा, असं नको म्हणूस."

"का गं? सगळीकडे तेच तर म्हणतात."

"मग जी बोलली नाही, ती काय भित्री?"

तेन्रीने कंगवा खाली केला. "मग काय म्हणू?"

"तिथे गेलं की आधी काय विचारता तुम्ही?"

"नाव. म्हणजे, नाव सांगितलं नाही तरी चालतं."

"मग तेच आधी सांग ना, बाई. तक्रार करावीच लागते?"

"छे. नुसतं बोलून परत गेलं तरी चालतं. दवाखान्यात जायचं असलं तर आमच्यातलं कुणीतरी सोबत येतं."

"घरी कळवता?"

"तिला विचारल्याशिवाय नाही."

"आणि खूप दिवस होऊन गेले असले तर?"

"तरी."

नीदारने पुढचं केळं घेतलं. दोघींना खाऊन संपणार नाहीत इतकी केळी परातीत जमली होती. तेन्री पलंगावरून उतरून तिच्याजवळ बसली. नृत्यसंघाच्या दौऱ्यावरून परतल्यावर नीदारने तालमीला जाणं एकाएकी सोडलं होतं. गुडघा दुखतो म्हणाली होती. जिन्यावरून मात्र ती भराभर उतरायची.

तेन्री दुसरी सुरी घेऊन केळी चिरू लागली.

दुसऱ्या दिवशी सभागृहात तिने साधी चार वाक्यं सांगितली. नाव नको. तक्रार नाही केली तरी चालेल. उशीर झाला असला तरी या. एकटं यायचं नसेल तर कुणाला तरी घेऊन या. मागच्या रांगेतली मुलं आधी खिदळली, मग गप्प झाली.

बाहेर नीदार स्कूटरवर बसून तिची वाट पाहत होती.

"कसं झालं?" तेन्रीने विचारलं.

"दारातून ऐकलं मी. बरं झालं. फार घाई केलीस मात्र."

तेन्री मागे बसली. नीदारने स्कूटर सुरू केली आणि तशीच थांबली.

"तुमचा तो कक्ष वाचनालयाच्या मागेच ना?"

"हो."

"आत्ता उघडा असेल?"

"असेल."

"तू बाहेर थांबशील?"

"म्हणशील तिथे थांबेन."

"बाहेरच थांब."

स्कूटर निघाली. वाचनालयाच्या वळणावर नीदारने वेग कमी केला आणि मान न वळवता म्हणाली,

"नको. आत चल."