हिरव्या शिक्क्याचे खेळ

दोन-तीन वर्षांच्या पोरांनी टॅबवर कोणते खेळ खेळावेत हे ठरवण्याची आपली नोकरी आहे, असं तिनं सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग हळूच आपला मोबाइल पुढे करून विचारायचे, "मग हा चालेल का हो?" त्या प्रश्नाचा तिला फार अभिमान होता. तिच्या ऑफिसची यादी बघून कितीतरी आईबाप खेळ निवडायचे, आणि ज्या खेळाला हिरवा शिक्का, तो डोळे झाकून पोराच्या हातात द्यायचे.

शिक्का मारण्याआधी ती खेळाचा पार कीस काढायची. मधेच जाहिरात आली, खेळ बाद. पैसे मागणारं बटण दिसलं, बाद. एक डाव संपून दुसरा आपोआप सुरू झाला, बाद. पोरानं बोट लावलं की खेळानं लगेच ओ द्यायला हवी, ताटकळलेलं पोर चिडतं. हे तपासायला खरंखुरं पोर लागायचं आणि त्याच्या शेजारी निरीक्षक. निरीक्षकानं बोलायचं नाही, हसायचं नाही, मदत करायची नाही, मानसुद्धा हलवायची नाही. नाहीतर पोर खेळात रमलं की माणसात, हे कळायचं कसं? "भिंत होऊन बसा," असं वरिष्ठ बाई नव्या माणसांना बजावायच्या. हिच्यासारखी भिंत अख्ख्या ऑफिसात नव्हती.

गेल्या हिवाळ्यात ऑफिसात येणारी पोरं सर्दीतापानं एकामागून एक आडवी झाली आणि काम खोळंबलं. तेव्हा तिनंच बाईंना सुचवलं, "घरी माझी आहे की. दोन वर्षांची." बाई खूश झाल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा टॅब लेकीपुढे आणि फॉर्म आपल्या मांडीवर. आठ महिन्यांत एक्केचाळीस खेळ झाले. अर्ध्या तासावर एक मिनिट जास्त होऊ द्यायची नाही, इतकी ती कडक.

आणि आता ही पोर तिच्याशी बोलत नव्हती.

मुकी नव्हती हो. आजोबांपाशी तिच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालायचा. आजोबा म्हणजे हिचे वडील, चाळीस वर्षं न्हाव्याचं दुकान चालवलेले आणि गप्पांत कुणाला हार न जाणारे. नात त्यांना कावळ्याची बातमी सांगायची, सांडलेल्या दुधाची तक्रार करायची, त्यांच्या टकलावर कंगवा फिरवून "झालं, पैशे द्या" म्हणायची. ते तिला बडबडी म्हणायचे. आईची चप्पल दारात वाजली की बडबडी गप्प. भीती नाही, राग नाही, काहीच नाही. आई म्हणून एक हाक नाही.

त्या रविवारी तर कहर झाला. टेबलाच्या पायाला ठेचकाळून पोरीच्या अंगठ्यातून रक्त आलं. आई दोन हातांच्या अंतरावर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. पोर रडत उठली, आईच्या गुडघ्याला वळसा घालून लंगडत थेट स्वयंपाकघरात गेली. "आबा, लागलं!"

हातातला टॉवेल आईनं जमिनीवर आपटला.

"ह्या टॅबनंच झालंय हे," ती वडिलांवर उखडली. "कुठला तरी खेळ वाईट निघालाय."

"तुझेच ना ते? तपासलेले?" वडील पोरीच्या अंगठ्यावर फुंकर घालत म्हणाले.

"चुकू शकतं माणूस."

"मला त्यातलं काय कळतंय बाई. माझ्या खुर्चीत गिऱ्हाईक बसलं की मी आधी आरशात त्याचं तोंड बघायचो. मग डोकं."

त्यांना कामातलं काय कळतं, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या तिनं एक्केचाळीसच्या एक्केचाळीस फॉर्म टेबलावर काढले. आज त्या नालायक खेळाला शोधून त्याचा शिक्का काढून घ्यायचा, असं ठरवूनच ती बसली. जाहिरात नाही. पैशांचं बटण नाही. आवाज मंद, रंग सौम्य, बोटाला लगेच प्रतिसाद. एकाही खेळावर बोट ठेवायला जागा नव्हती.

प्रत्येक फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न होता: मूल अडल्यावर काय करते? त्याखाली तिचंच नेटकं अक्षर.

दुसरा खेळ, अस्वलाच्या टोप्या. 'निरीक्षकाकडे पाहून हसते. सहा वेळा.'

पाचवा, डब्यातले आकार. 'निरीक्षकाला हाक मारते. चार वेळा. बाही धरून ओढते. निरीक्षकाने प्रतिसाद दिला नाही.'

नववा, फुगेवाला. 'निरीक्षकाचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवते. रडते. निरीक्षकाने प्रतिसाद दिला नाही.'

बारावा. 'एकदा पाहते.'

चौदावा, बदकाची आंघोळ. 'पाहत नाही. एकटी प्रयत्न करते.' आणि पुढे तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: 'उत्तम.'

त्यानंतरच्या सत्तावीस फॉर्मवर त्या प्रश्नाखाली निरीक्षकाचा उल्लेखच नव्हता.

आपल्या गालांवरचे ते चिमुकले तळवे तिला आठवले. तेव्हा ती मनात सेकंद मोजत होती, तेही आठवलं. वरिष्ठ बाईंनी जाता जाता डोकावून विचारलं, "सापडला का दोष?" ती म्हणाली, "खेळांत नाही." बाईंना बरं वाटलं.

घरी पोचली तेव्हा सहा वाजत आले होते. लेक खोलीत जमिनीवर बसली होती. समोर बाहुली आणि बाहुलीपुढे बुटांच्या खोक्याचं झाकण टॅबसारखं टेकवून ठेवलेलं. पोरीच्या मांडीवर आईचा जुना कोरा फॉर्म, हातात पेन्सिल. चेहरा अगदी कोरा. बाहुली कलंडून तोंडावर पडली होती, पण तिनं उचलली नाही. तिनं फॉर्मवर एक रेघ ओढली.

"अगं, बाळ पडलं की!" आजोबा दारातून म्हणाले. "उचल त्याला!"

"शूऽऽ, आबा." पोरीनं ओठांवर बोट ठेवलं. "मी आई आहे."

किती महिने त्या शब्दासाठी आईचे कान आसुसले होते, आणि ऐकायला मिळाला तो असा. ती दारातच खाली बसली. पर्स खांद्यावर तशीच. गुडघ्यांवर रांगत लेकीजवळ गेली आणि म्हणाली, "आपण दोघी उचलूया का तिला? हं? मी उचलू?"

तिनं हात पुढे केला. लेकीनं तो धरला. क्षणभर तिला वाटलं, मिळालं सगळं परत.

लेकीनं तो हात बाहुलीपासून बाजूला नेला आणि आईच्याच मांडीवर नीट ठेवून दिला. मग इकडेतिकडे शोधून एक मोडका खडू आणला आणि तिच्या बोटांत दिला.

"तू पण लिही," ती म्हणाली. "बोलायचं नाही."

आणि आईकडे न बघता जराशी सरकून तिनं तिला आपल्या शेजारी जागा करून दिली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच लेकीनं तिला खेळायला घेतलं होतं.