हलीमाबीच्या गालातली रुई

हलीमाबीच्या डाव्या गालाच्या आणि माझ्या जाळीच्या मध्ये करंगळी जाईल एवढी फट पडली होती. दुरून पाहणाऱ्याला ती दिसली नसती. मला मात्र ती सतत जाणवायची, कारण मी त्याच गालावर घडलो होतो.

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. नाटकातला नव्हे, अकोल्याच्या एका कर्करोग रुग्णालयातला. आधी मी प्लास्टिकची सपाट, पांढरी जाळी होतो. किरण देणाऱ्या हर्षाताईंनी मला गरम पाण्यात मऊ केले आणि हलीमाबीच्या चेहऱ्यावर ताणून बसवले. थंड होता होता मी तिचे नाक, हनुवटी, गाल यांचा आकार घेतला आणि कडक झालो. तिच्या घशात गाठ होती. गाठ नेमकी कुठे, तिच्यामागे मज्जारज्जू कुठे, हे स्कॅनमध्ये पाहून किरणांची वाट आखली गेली. माझ्यावर शाईच्या खुणा झाल्या. रोज तिचे डोके त्याच जागी धरून ठेवायचे, म्हणजे किरण गाठीवरच पडतील, एवढेच माझे काम.

"साचा अगदी बरोबर आलाय, चाची," हर्षाताई म्हणाल्या.

तिचा नवरा नबी दारात उभा होता. मूर्तिजापूरला त्याचे कापूस पिंजून गाद्या भरायचे दुकान. "बेटी, इच्या जिभीचाही साचा काढ. घरात जरा शांती राहीन."

"तुमी चूप बसा. तुमच्या पिंजणापरीस माही जीभ कमीच वाजते."

त्या वर्षांत लोक नवी गादी भरेनासे झाले होते. जुनीच रुई पिंजून नेत. नबी दुकान बंद ठेवून रोज तिच्याबरोबर येई.

हळूहळू हलीमाबीच्या तोंडात फोड आले. पातळ पेजही उतरेना. जीभ वाजायची थांबली आणि गाल आत गेले. त्याच सुमारास बाहेरच्या बाकावर चांदूर रेल्वेच्या जाईबाई, तिच्यासारख्याच एक रुग्ण, पिशवी आवरत होत्या.

"वजन उतरलं ना, त किरणं थांबवले माहे. नवा साचा, नवं मोजमाप करू म्हणते. तवरोक घरी जा म्हणे."

जाईबाई गेल्या त्या परत आल्या नाहीत. वजन उतरले की किरणे बंद, एवढेच हलीमाबीने त्यातून समजून घेतले.

गादी ढिली पडली की तिच्या घरात एकच इलाज असे. दुसऱ्या दिवशी ती टेबलावर निजली तेव्हा तिच्या दोन्ही गालांत रुईचे बोळे होते. फोडांवर! हर्षाताईंनी माझ्या कडेने बोट फिरवले. "छान बसलाय," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, तेव्हापासून मी भीत होतो. गाल भरले होते, पण मान बारीकच होती आणि माझ्याखाली ती जराशी वळायची. शाईच्या खुणा जागेवर होत्या, हलीमाबी जागेवर नव्हती. तपासणीचे चित्र आठवड्यातून एकदा निघे. तोवर किरण जुन्याच वाटेने येणार होते. त्या वाटेवर आता गाठीऐवजी काय आले असेल?

एके सकाळी माझ्या कडा टेबलाला अडकवल्या, जाड दार मिटले आणि यंत्र फिरू लागले. तेवढ्यात ओला झालेला एक बोळा गालातून सुटला. तो जिभेवर आला, मग मागे सरकला. तिने गिळायचे थांबवले. श्वास नाकातून, तुटक येऊ लागला. तोंड उघडायला मी जागाच ठेवली नव्हती. ज्या घट्ट बसण्याचे इतके दिवस माझे कौतुक होते, त्यानेच आता तिचा जीव अडकला होता, आणि मला हात नव्हते.

काही झाले तर हात वर करा, असे तिला सांगितलेले होते. हात किंचित उचलला गेला आणि परत खाली गेला. हात वर केला की किरणे बंद, हे तिच्या मनात पक्के होते. बोळा आणखी मागे सरकला.

मग हात वर आला.

यंत्र थांबले. ते जाड दार किती सावकाश उघडते! हर्षाताई धावत आल्या, माझ्या कडा सोडवल्या, तिला कुशीवर वळवले. खोकल्याबरोबर लालसर बोळा चादरीवर पडला.

मागोमाग आत आलेल्या नबीने तो उचलला. बोटांनीच ओळखला. "हे त आपल्या दुकानातली रुई हाय. कावून केलं तू हे?"

हलीमाबीने दुसरा बोळाही काढून चादरीवर ठेवला. "जाईबाईसारखं घरी पाठवतीन मले."

हर्षाताई तिच्याजवळ बसल्या. "चाची, किरणं बंद नाही करत आम्ही. चेहरा बदलला की वाट नव्याने आखतो. दोन-चार दिवस जातात, बस. जाईबाईंना आम्ही किती फोन केले. त्या आल्याच नाहीत."

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, असे माझे भाऊबंद तुम्हाला सांगत असतील. मी उलटे सांगतो. मला जपू नका. माणूस रोज थोडा बदलतो, मी बदलत नाही. म्हणून आधी माणसाकडे पाहा, मग माझ्याकडे. आणि माझ्याखाली कुणी निजले असेल, तर त्याने ढिले झालेले लपवू नये.

हलीमाबीने मला हातात घेतले. माझ्या गालावरून बोट फिरवले, मग स्वतःच्या.

"माहं तोंड लहान झालं, बेटी," ती म्हणाली. "हा राहू दे. दुसरा साचा काढ."