चौथं कडवं

“तू लपतोस. बोटं चालवतोस आणि लपतोस, दुसरं काय!” विल्मिना म्हणाली आणि हॅटची पिन इतक्या जोरात खुपसली की ती आरपार जाऊन तिच्याच बोटाला लागली.

तिचा नवरा लेंडर्ट पावाला लोणी लावत होता. लावतच राहिला.

“कुणीतरी ऑर्गन वाजवायला हवा ना चर्चमध्ये.”

“तेवीस वर्षं तूच? वाजवणाऱ्याला कुणी विचारत नाही, की बाबा रे, तू टेबलाला का येत नाहीस. म्हणून तू वाजवतोस.”

त्यानं सुरी पुन्हा लोण्यात बुडवली. खरं तेच होतं.

वर्षातून चार वेळा प्रभुभोजन असतं, प्रभूच्या नावानं भाकर आणि द्राक्षारस. पुढे लांब टेबल मांडतात, त्यावर कडक इस्त्रीची पांढरी चादर, भोवती चौदा खुर्च्या. तीनशे माणसांची मंडळी, आणि उठून टेबलाशी जातात सात, फार तर आठ. बाकीचे बाकावर बसून पेपरमिंट चघळत बघतात, आणि तसेच बघत बघत म्हातारे होतात. कारण आपण पापी आहोत, देवापासून तुटलोय, हे पाठ असून आमच्याकडे भागत नाही. ते आतून भाजावं लागतं. मग त्यानंच हाक मारावी लागते. हाक नसताना कुणी जाऊन खाल्लं, तर त्यानं घास नाही, शिक्षा गिळली.

“कुठं निघालीय ही एवढी नटून?” खिडकीजवळच्या खुर्चीतून लेंडर्टच्या आईनं विचारलं. तिला हवं तेवढंच ऐकू यायचं.

“टेबलाला, आई.”

“कुणाच्या?”

“प्रभूच्या.”

“अगं बाई! माझा नवरा एक्क्याऐंशीचा होऊन मेला, त्याला एकदाही धीर झाला नाही. आणि हिला झाला! काय गं, देवानं फोन केला होता का तुला?”

“नाही केला,” विल्मिना म्हणाली. बोटावरचा रक्ताचा ठिपका तिनं चोखला. “मंगळवारी मोज्यांच्या जोड्या लावत होते. एकदम कळलं, मी किती लांब आहे त्याच्यापासून. इतकी लांब, की खालीच बसले लादीवर. आणि मग...”

मग काय, ते तिनं सांगितलं नाही. पण लेंडर्टनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला समजलं की ही खोटं बोलत नाहीये.

त्याला हेवा वाटायला हवा होता. आनंद तरी. काही वाटलं नाही. पृथ्वी गोल आहे हे जसं माहीत असतं, तसं आपण पापी आहोत हे त्याला माहीत होतं. दर वर्षी मंडळीचा कारभार बघणारे दोन वडीलधारे काळे कोट घालून घरी यायचे, कॉफी प्यायचे आणि विचारायचे, “लेंडर्ट, आत काही झालं का?” तो म्हणायचा, “अजून नाही.” सगळेच तसं म्हणतात. पण सगळे म्हणताना रडतात. तो रडत नव्हता. बाप गेला त्या दिवशी त्यानं हॉस्पिटलच्या छताचे चौकोन मोजले होते.

“आणि मी?” त्यानं विचारलं.

“उठलास तर दोघं जाऊ.”

“कसा उठू? माझ्या आत काहीच नाहीये, विल्मिना.”

तिनं कोट घेतला.

“मग वाजव.”

चर्चबाहेर पिकअप गाड्या ओळीनं उभ्या होत्या आणि नेहमीचा पश्चिमेचा वारा लोकांच्या हॅट उडवू बघत होता. लेंडर्ट जिना चढून माडीवर गेला. ऑर्गन मागच्या बाजूला, म्हणून वर एक आरसा लावलेला. त्यात खालचे बाक दिसायचे, मधली वाट दिसायची, टेबल दिसायचं.

पद्धत अशी, की उपासना चालवणारे पाळक बोलावतात आणि स्तोत्राची तीन कडवी गायली जातात. तेवढ्यात यायचं. तिसरं संपताना वाजवणाऱ्यानं आरशात बघायचं. कुणी वाटेत असेल तर चौथं कडवं धरायचं, नसेल तर थांबायचं. ऑर्गन थांबला की टेबल बंद. त्यानंतर कुणी उठलंय असं आजवर झालेलं नाही.

पहिल्या कडव्याला सात जण बसले. दुसऱ्याला एक म्हातारी, काठी टेकत. तिसरं सुरू झालं. विल्मिनाची निळी हॅट हलली नाही. लेंडर्ट वाजवत होता, आणि सगळं कसं स्वच्छ दिसत होतं त्याला. ती टेबलाशी बसली की त्या बाजूची झाली. चौतीस वर्षं एका पलंगावर झोपलेली बाई, आणि मेल्यावर ती एकीकडे, तो भलतीकडे. कायमचं.

शेवटच्या ओळीला हॅट उठली.

शेजारी बसलेल्या आईनं तिच्या कोटाचं टोक धरलं होतं. मग तेही सुटलं. विल्मिना वाटेत आली, बाकाच्या कडेला हात लावून थांबली, आणि तिनं एक पाऊल टाकलं.

लेंडर्टनं हात उचलले.

आवाज छताला जाऊन विरला. पाळकांनी मिटलेले डोळे उघडले आणि सरळ भाकर हातात घेतली. विल्मिना तीनशे माणसांच्या मधोमध उभी होती. कुणी मान वळवून बघितलं नाही. आमच्याकडे बघत नाहीत, पण मानेच्या मागनं सगळ्यांना दिसतं. ती वळली आणि जागेवर जाऊन बसली.

लेंडर्टनं आपल्या हातांकडे पाहिलं. नेहमीचेच हात.

घरी सूप होतं. आई एक टोमणाही मारेना. उलट तिनं आपल्या वाटीतला मांसाचा गोळा उचलून विल्मिनाच्या वाटीत टाकला.

“खा गं.”

“खातेय, आई.” विल्मिनाचा आवाज अगदी साधा होता. “ऐकलंत ना तुम्ही? मी पाऊल टाकलं आणि ऑर्गन थांबला.”

“मी...” लेंडर्ट म्हणाला.

“मला वाटलं हाक होती. नव्हती. मीच बनवली असणार, मोजे मोजता मोजता.” तिनं चमचा पुसून नीट सरळ ठेवला. “बरं झालं. देवानं वेळेत अडवलं. आता परत नाही उठणार मी. कधीच नाही.”

लेंडर्टच्या छातीत काहीतरी खाली गेलं आणि जातच राहिलं. त्याला तळ लागेना. चमचा सुपात तसाच बुडून राहिला.

“सूप निवतंय तुझं,” आई म्हणाली.

त्यानं वाटी बाजूला सरकवली.

“विल्मिना.”

“काय?”

तिनं वर पाहिलं. डोळे कोरडे होते, आणि ती खरंच वाट बघत होती, तो काय म्हणतो याची. त्यानं तोंड उघडलं. भिंतीवरच्या घड्याळात दोनला दहा कमी होते.

“मला आता निघायला हवं,” तो म्हणाला. “दुपारची उपासना आहे.”