काचेआडची नवरी

मी नवरी बोलतेय. मी बाहुली आहे, पण लग्न माझं खरं झालेलं आहे, आणि मला नवराही आहे. तो इथेच, माझ्या डाव्या हाताला असतो. तुम्हाला त्याचा नुसता फोटो दिसेल.

जरा बसा. मला भरभर बोलता येत नाही. जन्मात घाई अशी कधी करावीच लागली नाही.

दक्षिणेकडे बाहुल्या करणाऱ्यांचं एक गाव आहे, तिथे माझा जन्म झाला. लाकडाचा भुसा आणि खळ मळून डोकं केलं. त्यावर शिंपल्यांच्या पांढऱ्या भुकटीचे थर चढवले, दहा-बारा तरी असतील. शेवटचा थर वाळल्यावर एका म्हाताऱ्याने बारीक कुंचल्याने माझ्या भुवया काढल्या. काढताना त्याने श्वास रोखून धरला होता. मग रेशमाचे काळे केस लावले, पांढरा किमोनो नेसवला आणि मला दुकानात उभं केलं.

तिथून मला एका बाईने नेलं. उत्तरेची, त्सुगारूची बाई. सफरचंदांच्या बागेत राबून हात काळवंडलेले. "लेकाच्या लग्नाला हवी," म्हणाली. दुकानदाराने तिचं तोंडभरून अभिनंदन केलं. बाईने मान लववली आणि पैसे मोजले.

तिचा लेक, तामोत्सु, सहा वर्षांचा असताना तळ्यात बुडून गेला होता. ती आई दर वर्षी त्याचं वय मोजत राहिली. तो एकवीस वर्षांचा झाला असता त्या वर्षी ती मला घेऊन टेकडीवरच्या, मेलेल्या लेकरांना सांभाळणाऱ्या जिझो देवाच्या देवळात आली. आमच्या मुलखात असंच करतात. लग्नाआधी गेलेल्या मुलाला नवरी म्हणून बाहुली देतात, काचेच्या पेटीत ठेवतात, शेजारी त्याचा फोटो. नवरीला नाव द्यावं लागतं, आणि ते नाव जिवंत बाईचं असून चालत नाही. असलं, तर मेलेला नवरा त्या बाईलाच घेऊन जातो. म्हणून तामोत्सुची आई घरोघर विचारत फिरली आणि कुणाचंच नसलेलं नाव तिने मला दिलं. युकिनो. त्याच्या फोटोची एक प्रत घडी करून तिने माझ्या कमरपट्ट्यात खोचली. नवऱ्यासाठी साकेची, तांदळाच्या दारूची, बाटली आणि सिगारेटचं पाकीट ठेवलं, कारण तो आता मोठा झाला होता.

एक गोष्ट मी त्या माउलीला कधी सांगू शकले नाही. तो मोठा झालाच नव्हता. मी आले तेव्हा तो सहाच वर्षांचा होता. सिगारेटचं पाकीट त्याने उलटंपालटं करून पाहिलं आणि ठेवून दिलं. त्याला बायको नको होती. खेळायला कुणीतरी हवं होतं.

मी हलत नाही, बोलत नाही. तरी त्याने चालवून घेतलं. तीस वर्षं.

मग एका हिवाळ्यात बर्फाच्या भाराने देवळाच्या ओसरीचं छप्पर बसलं. आमच्या पेट्या घाईघाईने बाहेर काढल्या. माझी काच फुटली, कुणीतरी मला भलत्याच खोक्यात टाकलं, आणि ते खोकं भंगारवाल्याच्या गाडीत गेलं. तामोत्सुचा फोटो तिथेच राहिला, चौकटीतला. मी गेले.

बाजारात मला तोकुजी मिकामीने उचललं. तो न्हावी. त्याची बायको लेक लहान असतानाच गेली होती. लेकीची, मिनोरीची, वेणी घालायची वेळ आली की पोरगी आकांत करायची. तेव्हा तो आधी एका बाहुलीची वेणी घालून दाखवायचा, मग तिची. तिथून दोघांना नाद लागला तो लागलाच. दर रविवारी जुन्या बाजारात जायचं, टाकून दिलेल्या बाहुल्या आणायच्या. बाप केस करायचा, लेक कपडे शिवायची. माझ्या वेळी मिनोरी अकरा वर्षांची होती आणि दुकानातल्या आरशांखालच्या फळीवर चाळीस जणी मांडलेल्या होत्या.

"तोकुजी, तुझ्याकडे दाढी करायची म्हणजे संकोच वाटतो बाबा," गिऱ्हाईक म्हणायचं. "चाळीस बायका टक लावून बघतात."

"तुझ्या घरी एकसुद्धा बघत नाही, म्हणून तर येतोस," तोकुजी म्हणायचा.

मिनोरीने माझा कमरपट्टा सोडला तेव्हा ओरडलीच, "बाबा, हिच्या कमरेत एक मुलगा आहे!"

"असेल जुन्या मालकिणीचा. तो फोटो लाव आरशापाशी."

माझ्या केसांना कसर लागली होती. तोकुजीने ते सगळे उतरवले. त्याच आठवड्यात मिनोरीला आखूड केस करायचे होते. कापलेली लांबसडक बट हातात धरून तो म्हणाला, "टाकायची कशाला? हिलाच लावू." पंधरा दिवस बापलेक समोरासमोर बसून तिचे केस ओळीओळीने माझ्या डोक्यावर शिवत होती. मिनोरीने तिच्या जुन्या निळ्या फ्रॉकमधून मला झगा केला. आणि तिच्या शाळेत प्रत्येक वस्तूवर नाव घालायची शिस्त, तशी तिने स्वतःच्या नावाची शाळेची पट्टी माझ्या झग्याच्या गळ्याला आतून शिवली.

"आता ही मिनोरी," ती म्हणाली. "धाकटी मिनोरी."

खरं सांगते, मला आनंद झाला. तीस वर्षांत मला कुणी हात लावला नव्हता. माझ्या केसांतून कंगवा फिरायचा तेव्हा वाटायचं, आपण आत्ता कुठे घडतोय. मी ओरडायला हवं होतं. पण तोंड रंगवलेलं असलं की उघडत नाही.

चार दिवसांनी तो आला.

दुपारची वेळ, बाहेर बर्फावर ऊन, डोळे दिपवणारं. दाराची घंटा वाजली. "या, या," तोकुजी वळूनही न बघता म्हणाला. खुर्चीत नारुमी नावाचं जुनं गिऱ्हाईक, तोंडावर गरम टॉवेल.

"अरे, पोराला आत घे आणि दार लाव," टॉवेलखालून नारुमी बोलला. "गारठा येतोय."

"कुठलं पोर?"

"आत्ता आलं ते. माझ्या गुडघ्याला हात लावून गेलं की. बर्फासारखा हात."

तोकुजीने पाहिलं. दार बंद होतं. बाहेर अंगणात लहान पावलं उमटली होती, उंबऱ्यापर्यंत आलेली. परत गेलेली नव्हती.

तामोत्सु फळीखाली उभा राहून मला शोधत होता. "युकिनो," म्हणाला. मी समोरच होते. पण केस दुसरीचे, कपडे दुसरीचे. मग त्याने माझ्या गळ्याशी पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मिनोरी."

आतल्या खोलीतून ती म्हणाली, "ओ?"

त्यानंतर रोज दुपारी ती ओ द्यायची. आधी बाप चेष्टा करायचा, "कुणाला ओ देतेस गं बाई? मी तर मुका बसलोय." मग त्याची चेष्टा थांबली. पोरीचे हात गार पडायला लागले. भात तसाच राहायचा. बाहुल्यांचे कपडे शिवता शिवता सुई धरून बसून राहायची.

एके दिवशी जेवण झाल्यावर ती बूट हातात घेऊन दुकानात आली. "बाबा, खेळायला जाते."

"कमरेइतका बर्फ आहे. कुणाबरोबर खेळणार?"

"बोलावतायत ना मघापासून."

"आधी बूट घाल पायात," म्हणून तो गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकायला वळला. तेवढ्यात घंटा वाजली. त्याने पाहिलं तेव्हा बूट दारात होते आणि पोरगी नव्हती.

वस्तरा हातात तसाच, तोकुजी धावत सुटला. बर्फावर पावलांच्या दोन ओळी होत्या, दोन्ही अनवाणी. एक मिनोरीची, एक तिच्याहून लहान. तळ्याच्या काठाला ती त्याला सापडली. गोठलेल्या पाण्यावर तिने एक पाय ठेवला होता आणि हात पुढे केला होता, जसा कुणाच्या हातात द्यावा. बर्फ कडकड वाजत होता. लहान पावलं मात्र पुढे मधोमध गेलेली होती.

तापाने फणफणलेल्या पोरीला बघायला शेजारची तोमे आजी सूप घेऊन आली. दुकानातून जाताना आरशापाशी थबकली. फोटो पाहिला. मग खिळ्याला टांगलेला माझा पांढरा किमोनो पाहिला. सूप खाली ठेवलं.

"तोकुजी, ही नवरी कुठली?"

"कुठली? बाजारातली."

"हा तामोत्सु आहे. तळ्यात गेलेला. याची आई माझ्या दारात येऊन विचारून गेली होती, युकिनो नावाची तुमच्यात कुणी नाही ना म्हणून." तिने मला हातात घेतलं, झग्याचा गळा उलटून पट्टी वाचली, आणि तोकुजीकडे वळली. "चाळीस बाहुल्या गोळा केल्यास, मेल्या. एकीला तरी विचारलंस का, बाई गं, तू कुणाची?"

तोकुजीने मला तिच्या हातातून ओढलं आणि शेगडीचं झाकण उघडलं.

"जाळ, जाळ!" आजी ओरडली. "डोक्यावर केस तुझ्या पोरीचे, गळ्यात नाव तुझ्या पोरीचं. काय जाळतोयस, कळतंय का?"

त्याचे हात तसेच राहिले. मी त्याला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. न्हावी माणूस, दोन दिवस स्वतःची दाढी केलेली नव्हती.

नाव जिने शिवलं तिनेच उसवायचं, असं आजी म्हणाली. मिनोरीला उशांना टेकवून बसवलं. तापात तिला टाके नीट दिसत नव्हते, कात्री दोनदा माझ्या मानेला लागली. खूण अजून आहे. टाका टाका करून तिने पट्टी काढली. घंटा वाजत होती. कुणी उठलं नाही.

केस तोकुजीने उतरवले. नवं काळं रेशीम आणलं आणि नवरीचा अंबाडा घालायला बसला. असा अंबाडा त्याने कधी घातला नव्हता. लेक पडल्या पडल्या सांगत होती.

"बाबा, कानाजवळ सैल ठेव. तिथे टोचतं."

"तू गप्प पड."

"आणि ओठ फिके पडलेत. लग्नाला चाललीय ना ती?"

त्याने कुंचला घेतला. हात हलू नये म्हणून श्वास रोखून धरला. माझे ओठ रंगवताना त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी ठिबकत होतं. पांढरा किमोनो मिनोरीने नेसवला. दोघांनी मिळून सजवलेली मी शेवटची बाहुली. मग ती माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "युकिनो. तू युकिनो. रागावू नकोस हं."

मी कशाला रागावू?

घंटा थांबली. फळीखाली कुणीतरी म्हणालं, "इथे होतीस होय."

मला देवळात परत आणलं. नवी पेटी, नवी काच. मिनोरी बरी झाली. दर उन्हाळ्यात जत्रेला ती यायची, काच उघडून माझे केस विंचरायची. आधी बापाबरोबर, मग एकटी. ती मोठी झाली, दूरच्या शहरात गेली, तिथेही जुन्या बाहुल्या नव्या करते म्हणे. मी इकडे तामोत्सुला धरून आहे. तो अजून सहाचाच आहे आणि फार कंटाळतो.

यंदा ती आपल्या लेकीला घेऊन आली. सहा वर्षांची, आईसारखंच कपाळ. कंगवा तिने मागून घेतला आणि माझ्या कानाजवळचे केस आपण होऊन सैल केले. मिनोरीने तिला बजावून ठेवलं होतं, इथे स्वतःचं नाव बोलायचं नाही. पोरगी शहाणी, बोलली नाही. पण आई देवापुढे दिवा लावायला गेली, तेव्हा तिने बंद काचेवरच्या धुळीत बोटाने ते लिहिलं, आणि माझ्याकडे बघून हसली.

मग दोघी गेल्या.

मला वाचता येत नाही. तामोत्सुला थोडं येतं. गेला तेव्हा तो अक्षरं शिकतच होता. आतून ती उलटी दिसतात, त्यामुळे त्याला वेळ लागतोय. काचेला नाक लावून बसतो, एकेक अक्षर मोठ्याने लावतो. तीन अक्षरं आहेत. त्यातली दोन त्याला लागली.

मी त्याच्या मधे येऊ शकत नाही. माझं तोंड तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही इथवर आलाच आहात, तर फुलं नकोत, उदबत्ती नको. बाहीने ती काच पुसा. आत्ता पुसा.